सोमवारची पोच

प्रोसिडिंगचं रजिस्टर स्वतःकडे ओढायचं, शेवटच्या ओळीखाली उजव्या हाताचं पहिलं बोट ठेवायचं आणि माझ्याकडे न बघता म्हणायचं, "लिवलंय तसं वाचा, भाऊसायेब." आमच्या सरपंचबाईंची ही रीत होती. मी वाचत जायचो तसं त्यांचं बोट ओळीखालून सरकत जायचं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, अक्षरं जुळवायला वेळ लागायचा. पण मी एखादा शब्द गाळला तर बोट तिथेच थांबायचं. मागे येऊन तो शब्द वाचला की मगच पुढे सरकायचं.

गाव मुरबे आणि तारापूर यांच्या मधलं, समुद्राला लागून. नाव सांगत नाही, कारण जे सांगणार आहे त्यात नाचक्की माझी आहे, गावाची नको. मी तिथे सहा वर्षं ग्रामसेवक होतो. ग्रामसेवकाला सगळे भाऊसाहेब म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. मूळचा मी विट्याकडचा. मोठा भाऊ बोईसरच्या कारखान्यात लागला, त्याच्या पाठोपाठ परीक्षा देऊन मी या जिल्ह्यात आलो आणि बोईसरलाच राहिलो. रोज स्कूटरवरून गावात जायचं आणि संध्याकाळी परतायचं. गावाचं आणि माझं नातं तेवढ्या वेळापुरतं आहे, असं मी समजून होतो.

पद महिलेसाठी राखीव होतं. अशा ठिकाणी काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. बाई सहीपुरत्या, कारभार नवऱ्याचा. पहिल्या सभेला बाईंचे यजमान इस्त्रीचा शर्ट घालून पुढे आले आणि सहज सरपंचाच्या खुर्चीत बसले. गावाने आजवर पुरुषच पाहिले होते त्या खुर्चीत, त्यांना तरी काय माहीत! बाई मागून आल्या, दारातच थांबल्या.

"ती खुर्ची माजी हाय," त्या म्हणाल्या. "तुमी भायेर बसा. बदामाखाली वारा चांगला हाय."

यजमान उठले, हसले आणि बाहेर जाऊन बसले. पुढची साडेचार वर्षं प्रत्येक सभेला ते बाईंना मोपेडवरून आणून सोडायचे आणि बदामाच्या झाडाखाली बसून राहायचे. त्याबद्दल त्यांच्या मनात राग होता असं मला कधी दिसलं नाही. उलट कुणी विचारलं तर म्हणायचे, "आत लई गरम होतं."

त्याच पहिल्या सभेत मी माझ्या पद्धतीप्रमाणे ठराव आधीच लिहून आणले होते. प्रत्येकाखाली 'सर्वानुमते मंजूर'. बाईंचं बोट त्या शब्दाखाली थांबलं.

"सर्व म्हंजी कोन कोन?"

"सगळे सदस्य, ताई."

"दामूकाका तर झोपलाय."

खरंच झोपले होते. दामूकाका म्हणजे मच्छीमार वस्तीतले आमचे सर्वांत वयस्कर सदस्य, भिंतीला डोकं टेकून घोरत होते. सगळे हसले. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. "आठ जनांनी हो म्हटलं, एक झोपला व्हता. लिवा." मला ते लिहावं लागलं. शासकीय प्रोसिडिंगमध्ये 'एक सदस्य झोपलेले होते' असं लिहिणारा तालुक्यातला मी एकमेव ग्रामसेवक असेन. पंचायत समितीतून फोन आला, हे काय लिहिलंय म्हणून. पण त्या दिवसानंतर दामूकाका सभेत झोपले नाहीत.

बाई बोंबील सुकवायच्या. घराच्या मागे वलांड्या होत्या, म्हणजे बांबूंची ती लांब मांडणी, जिच्यावर मासळी जोडीजोडीने टांगतात. सरपंच झाल्यावरही ते काम सुटलं नाही. दाखल्यावर सही हवी असली की लोक वलांडीपाशीच जायचे. बाई हात धुऊन, पदराला पुसून, दाखला दोनदा वाचून घेऊन सही करायच्या. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी कागदांना बोंबलांचा वास असायचा. मी माळकरी घरातला. बायको ते कागद गॅलरीत ठेवायला लावायची. माझी मुलगी मात्र सुट्टीत एकदा माझ्याबरोबर गावात आली आणि बाईंच्या स्वयंपाकघरात बसून गुपचूप तळलेला बोंबील खाऊन गेली. हे मला दोन वर्षांनी कळलं. बाईंनी कधी सांगितलं नाही. "पोरगी कितवीला?" एवढं मात्र दर महिन्याला विचारायच्या.

आता खाजणाचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. खाजण म्हणजे खाडीकाठची सपाट जमीन, भरतीचं पाणी जिच्यावर चढतं आणि ओहोटीला उतरतं. एका कारखान्याला तिथे भराव टाकून साठवणीच्या टाक्या बांधायच्या होत्या. त्यासाठी पंचायतीचा ना हरकत दाखला हवा होता. कारखान्याचे दोन साहेब मिठाईचा डबा घेऊन आले. त्यातला एक हिंदीत म्हणाला, "मॅडम, सिर्फ स्टोरेज है. पानी को हाथ भी नहीं लगेगा."

बाईंनी डबा उघडला नाही. "जागा बगून येऊ," म्हणाल्या. आम्ही सगळे खाजणावर गेलो. तिथे त्या नुसत्या उभ्या राहिल्या. साहेब नकाशा उघडून समजावत होते. पाऊण तास झाला असेल. मग गवतातून आवाज न करता पाणी यायला लागलं. आधी बुटांच्या भोवती, मग बुटांच्या वर. साहेब उड्या मारत बांधावर चढले. बाई घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून म्हणाल्या, "हे इकडं येतं म्हनून तिकडं पाड्यात शिरत नाय. हितं भराव टाकला तर त्यानं जायाचं कुटं, तेवडं सांगा."

साहेबांनी नकाशा गुंडाळला आणि ते गाडीकडे वळले. दाखला मिळवायची वाट आमच्या उपसरपंचांकडे होती.

उपसरपंच हा माणूस मी कधी आवाज चढवताना पाहिला नाही. स्वच्छ पांढरे कपडे, खिशाला दोन पेनं, आणि तोंडी एकच शब्द, 'नियमाप्रमाणे'. त्यांच्या भाच्याला भरावाचं काम मिळणार होतं, असं गावात बोललं जायचं. बाईंनी दाखला अडवून ठेवला, एकदा, दोनदा, तीनदा. मग एका शुक्रवारी सहा सदस्यांच्या सह्यांचा अविश्वास ठराव तहसील कार्यालयात दाखल झाला. कारण लिहिलं होतं, 'सदस्यांना विश्वासात न घेता मनमानी कारभार करणे'. हे वाक्य सगळ्या ठरावांत सारखंच असतं. मला पाठ होतं. आणि सह्या झाल्या त्याच दिवशी त्यातले पाच सदस्य जीपमध्ये बसून दमणला सहलीला गेले. कुणी फोडू नये म्हणून. उपसरपंच तेवढे मागे राहिले.

हिशेब साधा होता. सदस्य नऊ. सरपंच महिला असली की ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे सात हात. सहा त्यांच्याकडे. बाईंकडे स्वतः बाई, दामूकाका आणि खाजणामागच्या पाड्यावरची वनिता. वनिताला बाईंनीच निवडणुकीला उभं केलं होतं. तिचा नवरा त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता.

पालघरच्या एका वकिलाने बाईंना वाट दाखवली. पंचायतीची मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत असा ठराव आणता येत नाही. ते सहा महिने सुरू व्हायला सभेनंतर फक्त पाच दिवस राहत होते. म्हणजे ही एक सभा कुठल्याही कारणाने रद्द झाली, की नवी नोटीस काढून नवी सभा घ्यायला वेळच उरणार नव्हता. "नोटिशीत चूक शोधा," वकील म्हणाला होता. "प्रत्येक सदस्याच्या हातात ती ठरलेले पूर्ण दिवस आधी पडली पाहिजे. एकाला जरी उशिरा मिळाली, तरी सभा टिकत नाही."

आणि ती चूक झाली होती. माझ्या हातून.

तहसीलदारांच्या नोटिसा सोमवारी माझ्याकडे आल्या, सभा शुक्रवारची. आठ जणांच्या त्याच दिवशी पोचल्या. दमणला गेलेल्यांच्या घरी मी स्वतः दिल्या. दामूकाकांच्या घराला कुलूप होतं. ते एडवणला लेकीकडे गेले होते. मी एडवणला जायला हवं होतं, किंवा दोन पंच घेऊन दारावर नोटीस चिकटवायला हवी होती. उपसरपंच म्हणाले, "काका येतील उद्या, घाई काय?" दुसऱ्या दिवशी मुलीच्या शाळेत पालकसभा होती. तिसरा दिवस असाच गेला. गुरुवारी दुपारी दामूकाका आले, मी त्यांना नोटीस दिली, त्यांनी पोचेवर सही केली. तारखेची जागा रिकामी होती. मी ऑफिसात आलो तेव्हा उपसरपंच तिथेच बसले होते. त्यांनी पोच मागून घेतली, खिशातलं पेन काढलं आणि तारखेच्या जागी सोमवार घातला.

"नियमाप्रमाणे सोमवारच पाहिजे ना, भाऊसाहेब?"

 पेनाला टोपण लावत ते म्हणाले, "यंदा तुमचं नाव बदलीच्या यादीत आहे म्हणे. लांब, डोंगरात. मुलीचं दहावीचं वर्ष ना? मी शब्द टाकून बघतो."

पोच मी फाइलला लावली.

शुक्रवारी अकराला तहसीलदार आले. पाच सदस्य जीपमधून थेट पंचायतीसमोर उतरले, पाचही जणांच्या डोळ्यांवर सारखेच काळे चष्मे. उन्हातून आत आल्यावर दोघांनी ते काढले नाहीत, म्हणून एक जण पायरीला अडखळला. बाहेर जमलेल्या बायका हसल्या. त्यानंतर त्या दिवशी कुणी हसलं नाही.

सभा सुरू होताच दामूकाका उठले. "सायेब, मला नोटीस उशिरा भेटली. ही सभा व्हता नाय."

तहसीलदारांनी फाइल उघडली. पोच काढली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊसाहेब, ही तुम्ही बजावलीत ना? कधी?"

खोली लहान होती. पंखा फिरत होता. बाई माझ्या समोरच बसल्या होत्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा जड डबा कुणी उचलताना आपण हात पुढे करून उभे राहतो ना, तसं काहीतरी होतं त्या बघण्यात.

"सोमवारी, साहेब," मी म्हणालो.

दामूकाका ओरडले, "खोटं हाय!" आणि त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"बसा, काका."

"पर बाय..."

"बसा. भाऊसायेब सांगतात तर तसं आसंल." मग माझ्याकडे न बघता, "लिवा."

कागदावर सोमवार, ग्रामसेवकाच्या तोंडी सोमवार. तहसीलदारांनी हरकत फेटाळली. तरीही सभा पुढे चालवावी का, यावर त्यांनी सदस्यांचं मत घेतलं. चालवावी, सहा हात. चालवू नये, तीन. वनिताचा हात बाईंच्या बाजूला होता. माझ्या जिवात जीव आला. सहाच आहेत, ठराव पडेल, आणि माझं खोटं कुणाला न बाधता विरून जाईल, असं मी मनाशी धरलं. खोटं बोललेला माणूस किती लवकर आशावादी होतो!

मग उपसरपंच उठले. "नियमाप्रमाणे मतदान हात वर करून व्हावं."

दामूकाका म्हणाले, "चिठ्ठी टाकू."

यावरही मत घेतलं. हात वर करून, सहा. चिठ्ठीने, दोन. वनिताने ना इकडे हात वर केला ना तिकडे. ती मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. बाहेर फाटकापाशी तिचा नवरा उभा होता. त्याच्या शेजारी ठेकेदाराचा मुकादम. चिठ्ठी असती तर वनिता बाईंबरोबर राहिली असती, याबद्दल मला आजही शंका नाही. पण उघड्यावर तिला तो हात परवडणार नव्हता. खरा ठराव अजून मांडलाही गेला नव्हता, आणि निकाल त्या दोन हातांत लागला होता. खोलीतल्या प्रत्येकाला ते समजलं. बाईंनाही.

ठरावावर बोलायचा हक्क सरपंचाला असतो. बाई उठल्या. वकिलाने लिहून दिलेला कागद त्यांनी घडी करून तसाच ठेवला.

"मी मनमानी केली म्हंतात. केली आसंल. खाजणाचा दाखला मी दिला नाय आन मी हाय तवर देनार नाय. मी गेले का तुमी द्याल. द्या. पर भरतीला कोन सरपंच हाय ते कळत नाय. ती येनार." एवढं बोलून त्या बसल्या. मग पुन्हा उठल्या. "वनिता, तुला सांगते. हात वर करायचा तर कर, माजी काय हरकत नाय. पर मान खाली घालून करू नको. वर बगून कर."

वनिताने हात वर केला. मान तिला वर करता आली नाही. सात विरुद्ध दोन.

कायद्याप्रमाणे प्रोसिडिंग तिथेच पुरं करून सह्या घ्यायच्या असतात. मी लिहिलं. शाई दोनदा पसरली. बाईंनी रजिस्टर ओढलं. बोट ठेवलं. मला वाचायला लावलं. तहसीलदार घड्याळ बघत होते. मी वाचत गेलो. 'सदर नोटीस सोमवारी बजावली असल्याचे ग्रामसेवक यांनी सांगितले.'

बोट थांबलं. मी एकही शब्द गाळला नव्हता.

"'असल्याचे सांगितले'," बाई हळू म्हणाल्या. "बरोबर लिवलंय." आणि सही केली.

बाहेर यजमान बदामाखालून उठले.  मोपेड सुरू केली, बाई मागे बसल्या आणि दोघं गेली.

ठरावाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागायला सात दिवस असतात. ते सात दिवस मी कसे काढले ते मला ठाऊक. रोज वाटायचं, आज त्या येतील, नकला मागतील, म्हणतील, भाऊसाहेब, वरच्या साहेबांपुढे खरं सांगा. मी ठरवलं होतं, त्यांनी विचारलं तर सांगायचं. पण त्या आल्याच नाहीत. सातव्या दिवशी मीच गेलो. त्या वलांडीवर बोंबील टांगत होत्या. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायच्या आणि जोडी बांबूवर टाकायच्या.

"ताई, आज शेवटचा दिवस आहे."

"म्हाईत हाय."

"अर्ज करणार नाही?"

"अर्जात काय लिवू?" त्यांनी पहिल्यांदा हात थांबवला. "भाऊसायेब खोटं बोलले आसं लिवायला लागंल. मग तुमचं काय? पोरगी दावीला हाय ना?" पुन्हा जोडी अडकवली. "माजं काय, मला हे काम हाय."

मी तिथे उभा राहिलो. तिथे म्हणता आलं असतं, की ताई, तुमची परवानगी लागत नाही, मीच जाऊन सांगतो. पालघर काही लांब नाही. कार्यालय साडेपाचपर्यंत उघडं होतं. मी म्हणालो, "येतो, ताई." स्कूटरवर बसलो, आणि गाव मागे पडताच मला खूप हलकं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. त्या दिवशी मी दुकानातून मुलीसाठी आइस्क्रीम घेऊन गेलो.

नव्या सरपंचांच्या पहिल्याच सभेत ना हरकत दाखला मंजूर झाला. सर्वानुमते नाही, बाई आणि दामूकाका विरोधात होते. उपसरपंचांनी माझ्या बाबतीत शब्द पाळला. बदली झाली, पण मुलीची दहावी झाल्यावर. पुढच्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी पाड्यावर वनिताच्या घरात कमरेएवढं चढलं, असं मी वर्तमानपत्रात वाचलं. गावाचं नाव छापलं होतं. कारण छापलं नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी बाई गेल्याचं मला फोनवर कळलं. कावीळ झाली होती. आधी बोईसरला दाखवलं, पुढे वलसाडला नेलं, तिथे चौथ्या दिवशी गेल्या. मी दहाव्याला गेलो. विधी आटोपून लोक पांगत होते. दामूकाका मला बाजूला घेऊन गेले. खूप थकले होते. खिशातून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला आणि माझ्या हातात ठेवला.

ती नोटीस होती. त्यांना दिलेली प्रत. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'आज गुरुवार रोजी समक्ष दिली', आणि खाली सही. अक्षर माझंच. देणाऱ्याने प्रतीवर वार टाकायचा, ही नोकरीतली जुनी सवय. हाताने ती केली होती आणि मी साफ विसरलो होतो.

"हे त्या दिवशी माज्या खिशात व्हतं," दामूकाका म्हणाले. "बायला आदल्या दिवशी दावलं. मी म्हटलं, सायबापुढं टाकू, सभा मोडते. बाय म्हणली, 'आदी सायेब भाऊसायेबांना इचारू देत. ते खरं बोलले तर कागद लागनार नाय.' मी म्हटलं, आन खोटं बोलले तर? तर म्हणली, 'मग कागद काडलास तर मानसाची नोकरी जाईल. काडू नको.'"

मी विचारलं, "इतकी वर्षं ठेवलात?"

"फाडायचा तर तिनं सांगितलं नाय ना."

त्या दिवसापासून एक गोष्ट मला सोडत नाही, आणि तुम्हीही कधी अशा जागी उभे राहिला असाल तर तुम्हाला कळेल. सरपंचपद, खाजण, पाडा हे सगळं वाचवणारा कागद हाताच्या अंतरावर असताना त्या बाईने सगळा डाव माझ्या एका शब्दावर लावला होता. मी खरं बोलेन असं त्यांना वाटलं होतं. तहसीलदार विचारत होते तेव्हाचं ते बघणं मला अजून दिसतं. दाढी करताना दिसतं, स्कूटरला किक मारताना दिसतं. कुठल्याही सभेत कुणी 'पोच कधीची?' असं विचारलं की उत्तर देण्याआधी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे माझी मान वळते.

निवृत्तीला आठ महिने असताना मी तीन पानी जबाब लिहिला. पोचेची तारीख खोटी होती, मला माहीत होतं, मी सभेत खोटं सांगितलं. सोबत दामूकाकांचा कागद जोडला. पालघरला नेऊन दिला. आवकचा शिक्का मारणारी मुलगी म्हणाली, "काका, नक्की द्यायचाय?" मी हो म्हणालो. निलंबन येईल, पेन्शन अडकेल, या तयारीने घरी सांगूनही ठेवलं. बायको म्हणाली, "लवकर द्यायचा होतात."

उत्तर तीन महिन्यांनी आलं. अर्धं पान. संबंधित पंचायतीची मुदत संपलेली असल्याने व संबंधित सरपंच मयत असल्याने आपला अर्ज दफ्तरी दाखल करण्यात येत आहे. मला साधी समजसुद्धा दिली नव्हती. शिक्षा मिळाली असती तर मी ती भोगून मोकळा झालो असतो, एवढं तरी.

ते पत्र घेऊन मी गावात गेलो. दुसरं कुणाला दाखवणार? यजमान ओटीवर बसले होते. कान गेले आहेत आता. मी पत्र वाचून दाखवलं, ते मान हलवत राहिले.

"काय म्हंतात?" त्यांनी विचारलं.

मी मोठ्याने म्हणालो, "त्या दिवशी मी खोटं बोललो होतो, असं मी कळवलं होतं त्यांना."

"ते आमाला म्हाईत हाय," ते म्हणाले. "बसा, चा घ्या."

मग आतल्या अंधाराकडे तोंड करून, सवयीने, त्यांनी हाक मारली, "गो, भाऊसायेब आलेत. चा टाक."

आणि थोडा वेळ आम्ही दोघंही उत्तराची वाट पाहत बसलो.